जागा, भरलेली व रिकामी

माझ्या पहिल्या व्हिजिटिंग कार्डावर ‘मॅनेजर’ असं छापलेलं होतं. कार्ड मी पदरमोड करून छापून घेतलं होतं आणि मॅनेजर हे पदही मीच मला दिलं होतं. त्यातलं पहिलं कार्ड मोठ्या आदबीनं आमच्या शेठना दिलं. त्यांनी समोरची बाजू पाहिलीसुद्धा नाही. कार्ड उलटं केलं, मागची बाजू कोरी आहे हे बघून त्यांचा चेहरा खुलला, आणि तिच्यावर ‘मंगळवार, थळ, साबण चाळीस खोकी’ असं लिहून त्यांनी ते भिंतीवरच्या खिळ्याला टोचलं. मग म्हणाले, “चांगली आनलीस. अजून हायत?” माझी दोनशे कार्डं त्या खिळ्यावरच संपली. एक तेवढं पाकिटाच्या आतल्या कप्प्यात राहून गेलं.

आमचं ऑफिस म्हणजे रायगडातल्या इंदापूरच्या नाक्यावरचा पत्र्याचा गाळा. पुण्याकडचं इंदापूर ते वेगळं, हे मला आजही दिवसातून दोनदा फोनवर सांगावं लागतं. धंदा ट्रान्सपोर्टचा, आणि तो दोन प्रकारचा. ज्यांच्याकडे गाडीभर माल नसतो अशा दहाजणांची दहा-दहा खोकी एका गाडीत घालायची आणि वाटेत उतरवत जायचं, हा पार्टलोड. आणि एखाद्याला अख्खी गाडी एकट्यालाच हवी असते, मग तो ती भरो न भरो. ती अख्खी गाडी. हे दोन प्रकार सगळ्याच ट्रान्सपोर्टवाल्यांकडे असतात. आमच्या शेठनी मात्र त्याचं सोवळंओवळं करून ठेवलं होतं.

शेठ मूळचे पेणकडच्या खारेपाटातले, मिठागरवाल्यांच्या घरातले. अंगानं काटकुळे, पांढरा सदरा, पायात कायम रबरी चपला. कुठलीही गाडी भरायच्या आधी ते चपला खाली काढून अनवाणी तिच्या हौद्यात चढत, मागचं फाळकं लावून घ्यायला सांगत आणि आत एकटेच मांडी घालून बसत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, जप करतात. ते वास घेत असत. पाच मिनिटांनी आतून आवाज येई, “काल हितं फिनेल व्हतं. चहापत्ती न्हाय घालायची. धुवा गाडी.” मग हमाल बादल्या आणायला जात आणि मी घड्याळाकडे बघून मॅनेजरसारखा उसासा टाकत असे.

पार्टलोड भरावा तर शेठनीच. कोणाच्या शेजारी कोणाला बसवायचं हे त्यांना बरोबर कळे. मीठ आणि लोखंडी सामान एका गाडीत आलं तर ते मधे भाताच्या कोंड्याची पोती रचत. साबण आणि पोहे यांची तोंडंसुद्धा एकमेकांना दिसू देत नसत. “मिठाशेजारी कोन बसत न्हाय रे,” ते म्हणत, “मी त्यातच वाढलोय, मला म्हाईत हाय.” पार्टलोडच्या गाडीत मूठभर जागा राहिली तरी त्यांचा जीव कासावीस होई. कोपऱ्यात फट दिसली की ते त्यात झाडूचे गठ्ठे खोचत. “आपन हवा व्हायला बसलोय का?” असं विचारून ते माझ्याकडे अशा नजरेनं बघत, की ती हवा मीच भरली आहे.

पण अख्खी गाडी म्हटलं की हेच शेठ बदलत. मग गाडीत एकच कपाट असलं तरी बाकीच्या जागेत ते कोणाचा डबासुद्धा ठेवू देत नसत. त्यासाठी त्यांनी स्वतः एक करार लिहिला होता. शाईनं, ठळक अक्षरांत, पाच कलमं. तो काचेच्या चौकटीत माझ्या खुर्चीच्या बरोबर मागे टांगलेला असे. त्यातलं तिसरं कलम असं होतं: ‘गाडीतील सर्व जागा, भरलेली व रिकामी, पाठवणाऱ्याची. त्यातील वीतभर जागाही त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्यास दिली जाणार नाही. ड्रायव्हरशेजारची सीट धरून.’ अख्खी गाडी घेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला शेठ उभं राहून ही पाचही कलमं वाचून दाखवत. गिऱ्हाइकं तेवढ्यात फोन बघून घेत. एकदा एका ड्रायव्हरनं अशा गाडीत आपल्या सख्ख्या मेव्हण्याला शेजारी बसवून आणलं, तर शेठनी त्या मेव्हण्याला गिऱ्हाइकाच्या दारात उभं करून “तुमच्या जागेत बसून आलो, माफी असावी” असं म्हणायला लावलं. गिऱ्हाईक घाबरून आत निघून गेलं.

शेठ स्वतः प्रवास करीत तो सहाआसनी रिक्षानं, आणि ती ते अख्खी घेत. सहाही सीटा एकट्यासाठी. मला हा पैशाचा माज वाटे. मग एकदा त्यांच्याबरोबर तळा गावी गेलो तेव्हा कळलं, की वाटेत जो कोणी हात दाखवील त्याला ते फुकट आत घेत. माणगावच्या बाजारातून निघालेल्या दोन बायका, कोंबड्यांची पाटी, एक टायर. मी चेपून चेपून शेवटी अर्धा बाहेर लोंबकळत होतो. म्हटलं, “शेठ, मग अख्खी कशाला घेतली?” ते म्हणाले, “जागा माजी असली तर मी देईन ना? दुसऱ्याची कशी देऊ?” माझ्या बी.कॉम.ला हे पटलं नाही. मला वाटायचं, मला धंदा कळतो आणि यांना वेड लागलंय. शेठच्या बायकोचंही मत माझ्यासारखंच होतं. “ह्यांच्या घरात मी पार्टलोड हाय,” असं ती चहा देता देता सांगायची.

सात-आठ वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये तळ्याच्या एक शिक्षिका आमच्याकडे आल्या. नुकत्याच निवृत्त झालेल्या, उंच, चष्मा गळ्यात दोरीनं अडकवलेला. मुलगा थळला कारखान्यात कामाला लागला होता, त्याच्याकडे राहायला जायचं होतं. सामान सांगितलं ते जेमतेम अर्ध्या गाडीचं. तरी म्हणाल्या, अख्खी गाडी हवी. आणि गाडी रोह्यावरून न नेता दिघीवरून न्यायची, तिथल्या जेट्टीवरून गाडीसकट बोटीनं खाडी ओलांडून आगरदांड्याला उतरायचं आणि मुरुडवरून पुढे जायचं. सरळ रस्ता सोडून एवढा वळसा कशाला, ते मी विचारलं नाही. मनात म्हटलं, बाईंना समुद्र बघायचा असेल.

शेठ उठले आणि करार वाचू लागले. बाईंनी चष्मा चढवला आणि पाचही कलमं लक्ष देऊन ऐकली. आमच्या ऑफिसात असं कधी झालं नव्हतं. तिसऱ्या कलमाला त्यांनी हात वर केला.

“रिकामी जागा पण माझी?”

“रिकामी पन तुमची,” शेठ म्हणाले.

“नक्की ना? कोणी काही टाकणार नाही त्यात?”

“बाई, तुमच्या गाडीत माशी बसली तरी तुमाला इचारून बसंल.”

बाई हसल्या आणि सही केली. शेठ तो सगळा दिवस गुणगुणत होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना श्रोता मिळाला होता.

आता माझा पराक्रम. ज्या दिवशी बाईंची गाडी निघायची, त्याच दिवशी तळ्याच्या एका मंडपवाल्याचा मला फोन आला. मुरुडला दुसऱ्या दिवशी लग्न, दीडशे प्लॅस्टिकच्या खुर्च्या पोचवायच्या, गाडी मिळत नाही. माझ्या डोळ्यांसमोर बाईंची गाडी उभी राहिली. तळ्याहून निघणार, मुरुडवरून जाणार, निम्मी मोकळी. मला तो योग देवानं जुळवल्यासारखा वाटला. महिनाअखेरीला हा हिशोब शेठसमोर ठेवायचा आणि म्हणायचं, बघा, याला मॅनेजमेंट म्हणतात, असं मी मनाशी वाक्यसुद्धा तयार केलं. बाई सामान भरून झाल्यावर एसटीनं पुढे माहेरी जाणार होत्या. त्यांचं माहेर दिघीच्या अलीकडे रस्त्यावरच, तिथं त्या गाडीत बसणार होत्या. म्हणजे खुर्च्या चढताना बघायलाही कोणी नाही.

ड्रायव्हर कुरकुरला. “साहेब, शेठना कळलं तर?”

“शेठ काय दिघीला येणार आहेत?” मी म्हटलं. त्यानं मला साहेब म्हटलं होतं, त्यामुळे मी जास्तच जोरात म्हटलं.

दुपारी बाराच्या सुमारास त्याच ड्रायव्हरचा फोन आला. “साहेब, हितं एक घर हाय.”

“असेल ना. गावच आहे ते.”

“तसं न्हाय. घराएवढी कणगी हाय. बाई म्हनतायत गाडीत घाला.”

कणगी म्हणजे भात साठवायची बांबूची विणलेली कोठी, शेणानं सारवलेली. मी लहान कणग्या पाहिल्या होत्या. ही माणसाहून उंच होती आणि दोघांच्या कवेत मावणार नाही एवढी रुंद. ती विणली गेली तेव्हा घर लहान होतं. खोली तिच्याभोवती नंतर बांधली, त्यामुळे ती दारातून बाहेर निघण्याचा प्रश्नच नव्हता. आता रस्ता रुंद होणार म्हणून घराची पुढची बाजू जाणार होती. बाईंच्या भावानं त्याच सकाळी भिंत पाडून कणगी अंगणात काढून ठेवली होती. गाडीतली रिकामी जागा होती ती या कणगीची. आणि तिथं आता दीडशे खुर्च्या आरामात बसल्या होत्या.

मी खालच्या आवाजात म्हटलं, “बाईंना दे.” बाई आल्या. मी माझ्या सगळ्यात गोड आवाजात सांगितलं, “बाई, किरकोळ अडचण आहे. उद्या खास दुसरी गाडी पाठवतो.”

“उद्या सकाळी इथे मशीन येणार आहे,” बाई म्हणाल्या. “अंगणच राहणार नाही. भाऊ आज संध्याकाळी मुंबईला चाललाय. रस्त्यावर ठेवली तर सकाळपर्यंत कोणाच्या तरी चुलीत जाईल.”

मी म्हटलं, “कणगी उलगडून, म्हणजे कापून वगैरे...”

बाई म्हणाल्या, “अहो, जमीन भावांना गेली. आईनं मला विचारलं होतं, तुला काय हवं. मी कणगी मागितली. एवढंच मागितलं मी.” मग त्यांनी विचारलं, “ते म्हणाले होते ना, रिकामी पण माझी?”

फोनचा आवाज मोठा होता. शेठ माझ्या मागे उभे आहेत हे मला तेव्हा कळलं, कारण माझ्या डोक्यावरून हात घालून त्यांनी भिंतीवरची चौकट उतरवली. काच बाजूला केली, करार काढला, त्याची चार घड्या घातल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. भिंतीवर नुसता पांढरा चौकोन राहिला. मी बोलणी खायची तयारी केली होती. पण ते ओरडले नाहीत. चपला घातल्या आणि म्हणाले, “चल.”

आम्ही सहाआसनीनं निघालो. अख्खी. त्या दिवशीही त्यांनी वाटेत लोकांना आत घेतलं. माझ्याशी मात्र म्हसळ्याच्या पुढे एकच वाक्य बोलले, तेही बाहेर बघत. “सत्तावन वर्सं आपन खोटं लिवलं न्हाय. आज तू लिवलंस, माज्या अक्षरात.” इतका वेळ माझ्या डोक्यात आपला बचाव कसा करायचा तेच चाललं होतं. ते वाक्य ऐकल्यावर मी तो सोडून दिला. खरं सांगायचं तर मला रडू आलं होतं, पण मांडीवर कोणाचीतरी भोपळ्याची पिशवी होती आणि दोन्ही हात तिला धरलेले होते.

पोचलो तेव्हा बाई अंगणात कणगीला टेकून उभ्या होत्या. शेठनी खिशातून करार काढून त्यांच्यापुढे धरला. “बाई, हा आज खोटा ठरला. कणगी थळला पोचली तर भिंतीवर जाईल, न्हाय तर तुमी फाडा.” बाईंनी मान हलवली. मग शेठ कणगीजवळ गेले आणि गाडीला ठोकतात तसं बोटांच्या पेरांनी तिला ठोकलं.

बाई म्हणाल्या, “आई पहाटे अशीच ठोकून बघायची. भात कुठपर्यंत आहे ते आवाजावरून कळतं. मी अंथरुणात ऐकायची. आवाज पोकळ आला की त्या दिवशी आम्ही कमी जेवायचो, आपणहून.”

शेठनी परत ठोकलं आणि कान लावला. कणगी घुमली. मी वाकून आत पाहिलं. आत काहीही नव्हतं. हवेवर भाडं लागू नये म्हणून कोपऱ्यात झाडू खोचणारा हा माणूस हमालांना म्हणाला, “सांबाळून चढवा. माल हाय आत.”

खुर्च्या रस्त्यावर उतरल्या. कणगी चढली, चारी बाजूंनी बाईंच्या गोधड्या लागल्या, आणि गाडी तीनच्या सुमारास जेट्टीकडे गेली. मागे उरलो शेठ, मी आणि एसटीच्या फाट्यावर दीडशे खुर्च्यांचे मनोरे. खुर्च्याही संध्याकाळपर्यंत मुरुडला जायला हव्या होत्या, नाहीतर सकाळी वऱ्हाड उभं राहिलं असतं. शेठ म्हणाले, “मोजून घे. एक पन गेली तर तुज्या अंगावर.”

मी मोजायला घेतल्या. आणि इथं माझ्या हुशारीनं पुन्हा उचल खाल्ली. मनोऱ्यात मोजताना चूक होते म्हणून मी खुर्च्या सुट्या करून रांगा लावल्या. दहा-दहाच्या पंधरा रांगा, सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे. अगदी सरळ रेषेत. बेरीज बरोबर आली म्हणून समाधानानं वळलो तर पहिल्या रांगेत एक आजी बोचकं मांडीवर घेऊन बसली होती.

“एसटीला येळ हाय,” ती म्हणाली.

तिला उठवणं बरं दिसेना. तेवढ्यात तिच्या शेजारी दोघं बसले. बाजूच्या वाडीतून तीन बायका आल्या, बघू तरी काय आहे म्हणून. एसटी आली, गर्दी बघून थांबली, आणि चारजण चढायच्या ऐवजी सहाजण उतरले. अर्ध्या तासात चार रांगा भरल्या. लोक माझ्याकडे बघत होते, कारण मी एकटाच उभा होतो. शेवटी कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घातलेला एक गृहस्थ मोटारसायकलवरून आला. स्थानिक पुढारी असावा. तो उतरला तोच रागावलेला.

“कार्यक्रम कोणाचा? आम्हाला निरोप नाही ते?”

शेठ शेवटच्या रांगेत बसले होते. तिथून म्हणाले, “सत्कार हाय. ह्यांचा.”

“कशाबद्दल?”

“तेच सांगनार हायत ते आता.” आणि मला म्हणाले, “सांग.”

शेठच्या चेहऱ्यावर थट्टा असती तर मी टाळलं असतं. पण ते खरंच वाट बघत होते. मी बोलायला लागलो. पहिलं वाक्य “मी मॅनेजर आहे” असं निघालं, याची मला अजून लाज वाटते. मग सगळं सांगितलं: बाईंनी अख्खी गाडी घेतली होती, त्यांची अर्धी जागा मी त्यांना न विचारता दुसऱ्याला दिली, आणि त्यापायी त्यांच्या आईची कणगी मागे राहणार होती. सांगायला लागलो तेव्हा वाटलं होतं की फार गुंतागुंतीचं आहे. चार वाक्यांत संपलं.

आजीनं विचारलं, “मंग गेली का कणगी?”

“गेली.”

“मंग झाला बरा,” ती म्हणाली आणि तिनं टाळी वाजवली. बाकीच्यांनीही वाजवली. पुढाऱ्यानं पाच मिनिटं भाषण करून माझं अभिनंदन केलं. कशाबद्दल ते त्यालाही कळलं नव्हतं.

तोवर शेठ रस्त्यावर उभे राहून रिकाम्या गाड्या अडवत होते. पहिला टेम्पोवाला म्हणाला, टाका खुर्च्या. शेठनी विचारलं, “तुज्या मालकाला इचारलंस?” मालकाचा फोन लागेना, तेव्हा शेठनी गाडी सोडून दिली. दुसऱ्या गाडीचंही तेच. मी हात जोडले, “शेठ, शेवटची बोट चुकेल!” ते म्हणाले, “चुकू दे. एका दिवसात दोनदा न्हाय.” तिसरी गाडी मासळीची, बर्फ उतरवून परत मुरुडकडे चाललेली. तिचा मालक पहिल्या रिंगला बोलला. मी त्या अनोळखी माणसाला मनातल्या मनात दंडवत घातला. एसटीची वाट बघणारे सगळे उठले आणि ज्या खुर्चीवर बसले होते ती उचलून ज्यानं त्यानं गाडीत चढवली. शेवटची बोट मिळाली. आगरदांड्याला उतरल्यावर शेठनी जेट्टीजवळच्या टपरीवरून साबणाची वडी घेऊन माझ्या हातात ठेवली. दीडशे खुर्च्या मी एकट्यानं धुतल्या. मग शेठ एकेका खुर्चीचा वास घेत बसले, आणि त्यातल्या अकरा मला परत धुवायला लावल्या.

बाईंचा फोन आल्यावर करार पुन्हा भिंतीवर गेला. घडीच्या रेघा तशाच राहिल्या. थळच्या घरातसुद्धा कणगी दारातून आत गेली नाही म्हणे. तिच्यासाठी मुलानं पडवी बांधली.

तीन वर्षांपूर्वी शेठनी गाळा माझ्यावर सोपवला. मी त्यात संगणक आणला, गाड्यांवर यंत्रं बसवली, कुठली गाडी किती टक्के रिकामी आहे ते मला आता मोबाईलवर दिसतं. पण भरायच्या आधी मी चपला काढून हौद्यात चढतो आणि मांडी घालून वास घेतो. मला काहीही कळत नाही. माझं नाक जन्माचं चोंदलेलं आहे. पाच मिनिटं बसून मी बाहेर येतो आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणतो, “धुवा गाडी.” हमालांना वाटतं, शेठची विद्या मला मिळाली.

गेल्या दिवाळीनंतर बाईंचा फोन आला. त्यांना परत तळ्याला यायचं होतं. “इथे समुद्र आहे, पण शेजार नाही,” म्हणाल्या. “अख्खी गाडी द्या. सामान अर्धंच आहे, आणि ती आहे.” मी उभं राहून फोनवर पाचही कलमं वाचून दाखवली. बाईंनी शेवटपर्यंत ऐकली.

त्याच वेळी शेठ अलिबागला मुलीकडे अडकून पडले होते. खुब्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी रिक्षाला मनाई केली होती. जावयाची मोटार दारात होती, पण तिच्यात ते बसेनात. “त्यात जावयाचं बोलनं भरलेलं असतं, जागा न्हाय,” असं त्यांचं म्हणणं. महिनाभर ते मला रोज विचारत, “हिकडनं गाडी हाय का रे कुठली?” इंदापूरला आपल्या घरी जायचं होतं त्यांना. आवाज इतका बारीक झाला होता की एकदा मी त्यांना ओळखलंच नाही.

बाईंची गाडी अलिबागवरून आणि आमच्या नाक्यावरूनच जाणार होती. ड्रायव्हरशेजारची सीट मोकळी. मी स्वतः एसटीनं अलिबागला गेलो होतो. मुलीच्या दारात गाडी थांबवली, तर शेठ काठी टेकत बाहेर आले. आधी मागे गेले, ताडपत्री उचलून कणगी पाहिली, काठीच्या मुठीनं हलकेच ठोकली. मग माझ्याकडे वळले.

“ही बाईंची अख्खी ना?”

“हो.”

“मंग? इचारलंस?”

“विचारलं, शेठ. कालच.”

“लाव फोन.”

मी लावला. मुलाच्या मोटारीतून पुढे निघालेल्या बाई म्हणाल्या, “शेठ, बसा हो. जागा माझी आहे, मी देतेय.” शेठनी फोन परत दिला. डोळे पुसले की घाम, ते मी बघितलं नाही. दोघांनी धरून त्यांना वर चढवलं. सीटवर नीट बसल्यावर ते म्हणाले, “जल्मात पयल्यांदा पार्टलोड झालो. बिल्टी लिव.”

“माणसाची बिल्टी नसते, शेठ.”

“पार्टलोडची असते.”

बिल्टी म्हणजे मालाची पावती. तिचं पुस्तक ऑफिसात राहिलं होतं. मी पाकीट चाचपलं. आतल्या कप्प्यात ते एक कार्ड होतं. त्याच्या कोऱ्या बाजूवर, गाडीच्या दाराला टेकवून मी लिहिलं: नग एक.

“माल?”

“म्हातारा. वापरलेला.”

“जोखीम?” मी विचारलं. आमच्या बिल्टीवर छापलेलंच असतं, मालाची जोखीम मालकाची.

“तुजी लिव,” शेठ म्हणाले. “बाईंच्या गाडीत दुसऱ्यांदा माल घालनारा तूच ना?”

मी लिहिलं. अक्षर नीट आलं नाही. त्यांनी कार्ड हातात घेतलं, लांब धरून वाचलं, आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, उलटं करून पुढची बाजू बघितली.

“म्यानेजर,” त्यांनी मोठ्यानं वाचलं. कार्ड सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, “चल. वाटेत कोनाला घेऊ नको, गाडी अख्खी हाय.”